खाली हा शब्द

फाल्गुनातलं ऊन देवासच्या टेकडीवरून उतरून खिडकीच्या काचेवर टेकलं, की मला आत्याचा आवाज ऐकू येतो. खणखणीत, एकेक अंक सुटा करून म्हटलेला: "एक, पाच, दोन." ती सवय तिला लागली, त्या दुपारी मी तिथेच होतो.

आत्या तिथल्या इस्पितळात अतिदक्षता विभागाची मोठी सिस्टर. धारहून बाबांना तिच्याच विभागात आणलं, तेव्हा जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता आणि बाबा बेशुद्ध होते. अशा आजारात मधुमेह नसलेल्याचीही साखर भडकते, म्हणून पंपातून थेंबाथेंबाने इन्सुलिन सुरू होतं. साखर चढली तर घात, फार उतरली तर त्याहून मोठा. उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी आत्या त्या आकड्यावर नजर ठेवून असे. गोरीपान, ठेंगणी, बोलायला फटकळ. पण रुग्णाच्या बोटाला सुई टोचताना तिचा हात फुलासारखा हलका होई.

विभागात ती हिंदी बोले, मराठी घरासाठी राखलेली. त्या दुपारी मात्र बाबांच्या बोटावरचा थेंब तपासला आणि तिच्या तोंडून घरची भाषा निसटली: "खाली गेली गं रचना, खाली!"

रचना आत्याच्या हाताखालची नवी सिस्टर; मराठी घरातलीच, पण सगळं शिक्षण हिंदीतलं. तिच्या कानाला 'खाली' म्हणजे रिकामं. पंप रिकामा झाला असं समजून ती इन्सुलिनची नवी सिरिंज भरू लागली. आत्याने झेपावून तिचा हात धरला.

"नहीं बेटा! इन्सुलिन बंद कर, ग्लूकोज दे, जल्दी!"

ग्लूकोज शिरेतून गेलं. पंधरा मिनिटांनी आकडा सावरला, आणि संध्याकाळी बाबांनी डोळे उघडून "अक्का" अशी हाक मारली. रचना कोपऱ्यात रडत होती. डॉक्टरांसकट सगळ्यांसमोर आत्या म्हणाली, "इसकी कोई गलती नहीं. भाई को देखके म्हारी जबान फिसली." एवढ्या मानाची बाई, पण स्वतःची चूक तिने दुसऱ्याच्या पदरात टाकली नाही. त्या क्षणी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुणाचाच कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवसापासून विभागात 'खाली' हा शब्द बंद झाला. एकीने आकडा सुटा सुटा म्हणायचा, दुसरीने तो तसाच परत म्हणायचा, मग पहिलीने "बरोबर" म्हणायचं. रचना आता तिथली मोठी सिस्टर आहे आणि नव्या मुलींकडून हेच घोकून घेते.

आत्याला जाऊन दोन वर्षं झाली. बाबांना पुढे मधुमेह जडला; सकाळी अंगणातल्या उन्हात ते बोट टोचून घेतात आणि म्हणतात, "एक, तीन, सात." मी म्हणतो, "एक, तीन, सात." मग आम्ही दोघेही क्षणभर थांबतो, कारण घरी "बरोबर" आत्याच म्हणायची, आणि ती आता नाही. काळाने तेवढी एक जागा रिकामी केली आहे. रिकामीच म्हणतो, खाली हा शब्द आमच्या घरात अजून बंद आहे.