नावं संपेपर्यंत

चौथ्या आठवड्यात निर्माता वॉरन डनलेव्हीनं आमच्या सेटला कुलूप ठोकलं. अर्धा सिनेमा कपाटात टाकून तोटा दाखवला की कर वाचतो, म्हणे. त्रेचाळीस माणसं घरी गेली. मी संकलक, मीही गेले, वाटभर त्याला शिव्या घालत.

कॉरीन हॅस्केट मात्र हटली नाही. एकसष्टाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती. तीस वर्षं पडद्यावर दुसऱ्यांच्या आया होऊन टोपँगाच्या डोंगरात घर घेतलं होतं, ते तिनं विकलं. वॉरनकडून सिनेमा विकत घेतला, आम्हाला परत बोलावलं आणि स्वतः माझ्या मागच्या खोलीत राहायला आली. मी तिला तोंडावर खुळी म्हणाले.

वर्षभरानं सिनेमा पुरा झाला. चार लोकांनी पाहिला, गावभर चांगलं बोललं जाऊ लागलं, आणि वॉरन आमच्या दारात हजर. लाज कशाशी खातात ते त्याला ठाऊकच नाही.

"दुप्पट देतो, कॉरीन. तुझं घर परत घे. फक्त निर्माता म्हणून माझं नाव टाक."

मी टेबलाखालून तिला पाय मारला. हो म्हण, बाई.

"पहिल्या खेळाला ये," ती गोड हसली. "तुझी सगळी माणसं घेऊन ये. मग बोलू."

त्याला वाटलं, काम झालं. बायको, वकील, सासरा, अख्खी रांग घेऊन आला. आमच्या लॉस एंजेलिसमध्ये सिनेमा संपला तरी नावं संपेपर्यंत कुणी उठत नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्यात असतंच. नावं सरकू लागली. त्यानं हाकललेले त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, जेवण वाढणाऱ्या ओफेलियासकट. प्रत्येक नावाला टाळ्या. त्याचं कुठेच नाही. सासरा वळून वळून जावयाकडे बघत होता. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

सिनेमा आठ दिवस चालला. वॉरनचा फोन पुन्हा आला नाही. टोपँगाच्या घरात आता एक दातांचा डॉक्टर राहतो.

परवा जेवताना मला राहवलं नाही. "घराचं वाईट वाटतं का गं?"

"रोज वाटतं." ती घेवडा चिवडत राहिली. "त्या खेळाला मी पुढे बसले होते, मला दिसलं नाही. वॉरन मध्येच उठला नाही ना?"

"शेवटच्या नावापर्यंत बसला होता."

"मग वाढ अजून," म्हणाली, आणि ताट पुढे केलं.