बावीसच्या खाली

मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही, अशी एक गंभीर समजूत जगभर आहे. ती पसरवणाऱ्यांपैकी कोणी गळ घेऊन किनाऱ्यावर उभं राहिलेलं नसावं. गळवाला आयुष्यभर खोटं बोलतो. मासा कुठे लागला, किती वाजता लागला, आमिष काय होतं, यातलं काहीही तो खरं सांगत नाही. सख्ख्या भावाला तर मुळीच नाही. आणि मरायला टेकला म्हणून चाळीस वर्षांची सवय सोडायला त्याला सवड तरी कुठे असते?

चष्मेवाल्याचं निदान असं मत होतं आणि त्याच्याकडे पुरावा होता.

तीस वर्षांपूर्वी त्यानं आपल्या थोरल्या भावाला विचारलं होतं, पॉम्पानो कशावर लागतो? दादा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी पॉम्पानो धरायचा. दोन्हीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पॉम्पानो म्हणजे चांदीच्या ताटलीसारखा चपटा मासा, गळ्याखाली पिवळा, लाटा फुटतात तिथेच चरणारा आणि गळाला लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या आणणारा. दादा अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला होता, "पावाच्या गोळ्यावर. साखर घालून मळायचा."

चष्मेवाल्यानं दोन हंगाम साखर घालून पाव मळला. मासा राहिला बाजूला, पिशवीला मुंग्या लागल्या. तिसऱ्या हंगामात कोणालातरी दया आली आणि कळलं की पॉम्पानोला हवा असतो वाळूतला किडा, अंगठ्याच्या पेराएवढा, लाट ओसरली की शेपटीकडून वाळूत घुसणारा. त्यातही पोटाशी नारिंगी अंडी असलेली मादी मिळाली तर उत्तम. पण तोपर्यंत अख्खा किनारा त्याला 'बेकरी' म्हणायला लागला होता.

दादाचं एक वाक्य ठरलेलं होतं: "बारक्याला जमायचं नाही." सायकल जमायची नाही, पोहणं जमायचं नाही, लग्न जमायचं नाही, चष्म्याचं दुकान तर नाहीच नाही. बारक्या आता अठ्ठावन्न वर्षांचा होता. सायकल जमली, पोहणं बेताचं जमलं, लग्न बायको माहेरी निघून जाईपर्यंत जमलं, दुकान सव्वीस वर्षं चाललं. यादीत उरला होता फक्त पॉम्पानो. आणि दादाच्या फुप्फुसांकडे बघून डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते.

म्हणून चष्मेवाल्यानं दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. रोज पहाटे किनारा, मग दादाचं घर, मग दुकान. एक पॉम्पानो धरायचा, दादाच्या हातात द्यायचा आणि त्याच्या तोंडून 'जमलं तुला' ऐकायचं. ज्या माणसानं जन्मभर 'नाही' म्हटलं त्याच्याकडून एक 'हो' घ्यायचा होता, आणि त्या माणसाकडे पंधराच दिवस उरले होते.

दादाची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणली होती. शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं. दादाला त्या आवाजाचा राग होता.

"बेअरिंग गेलंय ह्याचं," पहिल्या दिवशी तो म्हणाला. एवढ्याला त्याला दोनदा थांबावं लागलं. "उघडून दे. बघतो."

"मशीन उघडलं तर तुम्ही बंद पडाल," वहिनी आतून म्हणाली.

दादानं भावाकडे पाहिलं. चष्मेवाल्याची पॅन्ट मांडीपर्यंत ओली होती. "काही लागलं?"

"एक शिंगाळा. सोडून दिला."

"कुठे उभा राहतोस?"

चष्मेवाल्यानं सांगितलं. त्या किनाऱ्यावर लाटांच्या थोडं पलीकडे वाळूचा एक दांडा आहे, पाण्याखाली लांब पसरलेला. सगळे पटाईत लोक दांड्याच्या पलीकडे गळ टाकतात, असं सगळे पटाईत लोक सांगतात. त्याचा हात तेवढा लांब जात नसल्यानं तो मांडीभर पाण्यात शिरायचा आणि तिथून पूर्ण ताकदीनं फेकायचा. बुडवायला चौकोनी शिसं, वर दोन गळ, प्रत्येकाला पिवळा मणी. सगळं पुस्तकाप्रमाणे.

दादानं डोळे मिटले. मग तो म्हणाला, "बाहेर ये. कोरड्या वाळूवर उभा राहा. दांड्याच्या अलीकडे टाक. जवळ. तो चर आहे ना, तिथे तो असतो. तू त्याच्या अंगणात... उभा राहून... शेजारच्या गावात दगड मारतोयस."

चष्मेवाला मनातल्या मनात हसला. मरताना दादा त्याला पुन्हा साखर घालून पाव मळायला सांगत होता.

आमिष विकणाऱ्याचंही तेच मत पडलं. त्याचं दुकान किनाऱ्याच्या तोंडाशी होतं. आत एक फळा होता आणि ज्यांना पॉम्पानो लागला त्यांचे फोटो त्यावर टाचलेले. फळ्यावर जागा मिळवायची तर एक अट होती, आणि ती दादानंच घातलेली. पॉम्पानोचा एक चुलतभाऊ असतो, लहानपणी हुबेहूब त्याच्यासारखा, आणि त्याला धरून नाचणारे पुष्कळ. म्हणून पाठीवरच्या पराचे मऊ काटे मोजायचे. बावीस किंवा वर भरले तर पॉम्पानो. बावीसच्या खाली, म्हणजे चुलत. दादा मात्र कधी मोजायचा नाही. कोणी मासा आणला की पराच्या टोकापासून शेपटीपर्यंत एकदा अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "चुलत." मग बाकीचे मोजायचे, आणि दर वेळी तो बरोबर निघायचा. एका शाळामास्तरांचा फोटो त्यानं फळ्यावरून स्वतःच्या हातानं काढला होता. मास्तर नंतर बुद्धिबळाकडे वळले.

"दादा म्हणाला जवळ टाक?" आमिषवाल्यानं किड्यांचा डबा पुढे सरकवला. "मग लांब टाका. काय बेकरी, एवढंही शिकला नाहीत?"

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला कमरेएवढ्या पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी छातीएवढ्या. एका लाटेनं त्याचा चष्मा नेला, आणि त्या दिवशी चष्मेवाल्याला आपल्याच दुकानात चाचपडत जाऊन आपल्याच डोळ्यांचा नंबर शोधावा लागला. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईंनी विचारलं, "तुमचा चष्मा कुठे?" त्यानं खरं सांगितलं. बाई काही न घेताच परत गेल्या.

रोज सकाळी दादा विचारायचा, "कुठे उभा होतास?" चष्मेवाला सांगायचा. रोज दादा डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बाहेर ये." वाक्य दिवसागणिक आखूड होत गेलं. नवव्या दिवशी ते निम्मं उरलं. "बाहेर," दादा म्हणाला. मग त्यानं हात उचलून आपल्या पांघरुणावर दोन रेघा ओढल्या, एक लांब, एक जवळ, आणि जवळच्या रेघेवर बोट आपटलं. बोट निळसर दिसत होतं.

चष्मेवाला उठला तेव्हा वहिनी दाराशी उभी होती. तिच्या हातात उकळून वाळवलेल्या रबरी नळ्या होत्या.

"भाऊजी, तुम्ही ऐकत का नाही त्यांचं?"

"वहिनी, तुला माहीत नाही, गळवाले कधी खरं..."

"मला सगळं माहीत आहे. चाळीस वर्षं मला सांगतात, मासा कुठे लागला ते. एकदाही खरं निघालं नाही. एकदा तर म्हणाले, स्टेशनजवळ." तिनं आवाज खाली आणला. "पण एका शब्दाला त्यांना आता तीन श्वास लागतात. मोजते मी. पाणी मागायला घालवत नाहीत ते, आणि तुम्हाला 'बाहेर ये' सांगायला घालवतात. इतके श्वास खर्चून कोण खोटं बोलेल हो?"

आपण नऊ दिवस पाण्यात का शिरत होतो हे चष्मेवाल्याला नीट सांगता आलं नसतं. लांब फेकलं की काहीतरी करतोय असं वाटायचं, एवढंच.

दहाव्या दिवशी ढगाळ सकाळ होती. भरती नुकती चढायला लागली होती. पाणी काचेसारखं हिरवट आणि रिकामं. चष्मेवाला कोरड्या वाळूवर उभा राहिला, इतका मागे, की त्याची त्यालाच लाज वाटली. पलीकडे छातीभर पाण्यातून दोघेतिघे पूर्ण ताकदीनं फेकत होते. त्यांतल्या एकानं ओरडून विचारलं, "काय बेकरी, वाळूत गळ पेरताय का?"

त्यानं नारिंगी पोटाचा किडा निवडला, गळावर खालून वर ओवला आणि हात अर्ध्यावर थांबवत, जवळ, दांड्याच्या अलीकडच्या गडद पट्ट्यात टाकला. नऊ दिवस तो ज्या जागेवरून फेकत होता, बरोबर त्याच जागी. मग काठी वाळूत रोवलेल्या नळीत ठेवली आणि थर्मास उघडायला वाकला.

काठी जमिनीपर्यंत वाकली.

पुढचं त्याला नीट आठवत नाही. दोरी आडवी धावली, रीळ किंचाळलं, मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. त्या अगदी दादानं सांगितल्या होत्या तशाच होत्या. म्हणजे एवढी एक गोष्ट त्यानं तीस वर्षांपूर्वीसुद्धा खरी सांगितली होती. मासा ओल्या वाळूवर आला तेव्हा चपटा होता, चांदीचा होता, गळ्याखाली पिवळा होता. चष्मेवाल्यानं तो ओल्या फडक्यात गुंडाळला, काठी तिथेच टाकली आणि तो धावत सुटला. गेल्या वीस वर्षांत त्याला कोणी धावताना पाहिलं नव्हतं. पाण्यातल्या लोकांना वाटलं, घरून फोन आला असावा.

दादा जागा होता, पण मशीनकडे त्याचं लक्ष नव्हतं. चष्मेवाल्यानं फडकं सोडून मासा त्याच्या पोटावरच्या पांघरुणावर ठेवला. वहिनी "अहो, चादर" म्हणाली.

"बाहेरून," चष्मेवाला धापा टाकत म्हणाला. त्या घटकेला खोलीत दोन माणसांना श्वास पुरत नव्हता. "कोरड्या वाळूवरून. जवळ टाकला. तू म्हणालास तिथेच."

दादानं चष्मा मागितला नाही. त्यानं हात उचलला आणि अंगठा पराच्या टोकाशी ठेवून शेपटीपर्यंत एकदा फिरवला. सावकाश. शेवटाशी पोचल्यावर अंगठा जरा थांबला. मग त्यानं भावाकडे पाहिलं. ओली पॅन्ट नव्हती. नवा चष्मा होता, घाईत बसवलेला, एका कानावर उंच.

"पॉम्पानो," दादा म्हणाला.

चष्मेवाला थांबून राहिला. मशीन घरघरत होतं.

दादानं तीन श्वास घेतले. वहिनीनं मोजले. "जमलं तुला."

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. वहिनीनं मशीन बंद केलं तेव्हा खोली इतकी शांत झाली की ती म्हणाली, "खरंच बेअरिंग गेलं होतं वाटतं." मग ती बसून राहिली. चष्मेवाला तिच्या शेजारी बसून राहिला. यापुढे आपल्याला कोणी बारक्या म्हणणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि ते लक्षातून जाईना. लोक येऊन गेले. आमिषवालाही येऊन गेला, आणि जाताना दाराशी म्हणाला, "ऐकलं मी. दादानं स्वतः सांगितलं म्हणे. फोटो आणून द्या, मधोमध लावतो. काटे मोजायचे तेवढे मोजून टाका, नियम म्हणून."

बारा-पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तो तुमचा मासा घेऊन जा. त्याच्यामुळे फ्रीजरचं दार लागत नाही. औषधांची खोकी परत गेली, आता तेवढा तोच राहिलाय."

चष्मेवाल्यानं तो सकाळी दुकानात नेला. दुकान उघडायला अजून तासभर होता. त्यानं काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, काचा तपासायचा दिवा ओढून घेतला आणि बर्फ सुटेपर्यंत वाट पाहिली. मासा अजूनही देखणा होता. फोटोत स्वतः कुठे उभं राहायचं तेही त्यानं ठरवलं. मग भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यानं पाठीवरचा पर उलगडला आणि बारीक नंबर वाचायच्या सवयीनं, एकेक काटा वेगळा करत, मोजायला सुरुवात केली.

मोजून झाल्यावर त्यानं भिंग पुसलं. चिमटा पुसला. मग शेपटीकडून सुरुवात करून पुन्हा मोजले.

एकोणीस होते.