दोन बॅटऱ्या आणि प्रणिताच्या खुणा

मित्रांनो, मी शूटिंगचा एक जुना कॅमेरा आहे. रंग काळा, उजव्या अंगाला हात अडकवायचा पट्टा, डाव्या अंगाला दारासारखा उघडणारा छोटा पडदा आणि मागे डोळा लावून पाहायची एक नळी. परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. खोक्यात बसून मी घाटनांदूरला आलो आणि भीमाशंकर आप्पांचा झालो. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि स्टुडिओच्या मागेच घर.

आप्पांच्या खांद्यावरून मी शेकडो लग्नं पाहिली. अंबाजोगाई, केज, धारूर, कुठे कुठे गेलो. ऊसतोडीची माणसं गावी परतली की शिरूर कासारकडे लग्नांची रांग लागायची, तेव्हा तर आम्हाला जेवायलाही सवड नसे. मला पहिल्यापासून एकच खोड, बघत राहायची. नवरीच्या मामाचे डोळे कशाने भरले असतील? तो म्हातारा पंगतीत न बसता उभाच का? उत्तरं मिळायची नाहीत, पण प्रश्न पडायचे. लोक म्हणायचे, "आप्पा, तुमच्या कॅमेऱ्यात मानूस हाय तसा दिसतो." ते ऐकून माझी छाती फुगायची.

मग लोकांना आकाशातून उडणारे कॅमेरे हवेसे झाले. बाकीचं काम मोबाईलवर होऊ लागलं. एके दिवशी आप्पांनी मला पिशवीत घातलं आणि लोखंडी कपाटात ठेवून दिलं. बॅटरी माझ्या पाठीतच राहिली. चार वर्षं तिची कुणालाच आठवण झाली नाही. ती हळूहळू मेली, फुगली आणि माझ्या पाठीत घट्ट रुतून बसली.

गेल्या हिवाळ्यात कपाट उघडलं. आप्पांची धाकटी मुलगी स्वप्नाली समोर होती. ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. तिच्या मागे उभी होती थोरली, प्रणिता. प्रणिता चोवीस वर्षांची, शिवणकामात तरबेज. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून ती बोलतही नाही. ती हातांनी बोलते. त्या खुणा तिच्या तिनेच लहानपणापासून घडवलेल्या, आणि त्या घरातल्या तिघांनाच समजतात.

मला बाहेर काढायला कारणही तसंच होतं, ते मला स्वप्नालीच्या बोलण्यातून नंतर कळलं. युसूफ वडगाव या गावच्या अमरनाथने प्रणिताला मागणी घातली होती. त्याचं किराणा दुकान आहे. मुलगा मनापासून तयार होता, पण त्याची आई गीताबाई अडली होती. वाईट स्वभावाची बाई नव्हती ती. चहाची बशी हातात धरून तिने सरळच सांगितलं होतं.

"पोरगी लई गुणाची हाय. पर तिच्या खुना मला कळत न्हाईत, आन् मला लिव्हता-वाचता बी येत न्हाई. ह्या लेकराच्या पोटात दुखलं, ताप आला, आन् मला कळलंच न्हाई तर? मी कोनाला इचारू? मला चार दिस इचार करू द्या. सोमवारी येऊन सांगते."

पाहुणे गेले. प्रणिताने हातांनी आईला विचारलं, काय म्हणाल्या? आई, म्हणजे शिवकांताबाई, तिची नजर चुकवून भांडी आवरत राहिली. तेव्हा स्वप्नाली म्हणाली, "आप्पा, ताईच्या सगळ्या खुणा शूट करू. मी अर्थ सांगते. टीव्हीला वायर लावली की गीतामावशीला मोठ्ठं दिसेल."

"मोबाईलवर कर की."

"माझा मोबाईल कॉलेजच्या व्हिडिओनं भरलाय. दहा मिनिटांत बंद पडतो. तुमचा कॅमेरा काढा."

आप्पांनी ती फुगलेली बॅटरी कशीबशी ओढून काढली आणि वाळूच्या डब्यात नेऊन ठेवली. पिशवीत दुसरी एक जुनी सापडली. ती उसन्या चार्जरवर दिवसभर चार्ज करून माझ्या पाठीत बसवली. मी डोळा उघडला! समोर प्रणिता होती. तिने पोटाशी मूठ धरून ती पिळल्यासारखी फिरवली. "पोटात दुखतंय," स्वप्नालीने सांगितलं. प्रणिताने दुसरा हात उचलला, आणि मी बंद पडलो. पुरती चार मिनिटंही झाली नव्हती.

"कावून बंद पडला बे?" आप्पा मलाच विचारू लागले. मी काय सांगणार? विजेच्या वायरवरही मी चालतो, पण त्या वायरचा डबा, म्हणजे अडॅप्टर, कधीच जळून गेला होता, आणि गावात वीज तरी दिवसभर कुठे असते?

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि दोघी मुली मला घेऊन अंबाजोगाईला गेले. तिथे अमरसिंह नावाच्या दुकानदाराकडे जुन्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या मिळायच्या. माणूस बोलका. त्याने काचेवर एक बॅटरी ठेवली. तिच्यावर भला मोठा आकडा छापलेला होता.

"ही घ्या आप्पा. आकडा बघा. सहा तास हालायची न्हाई!"

आप्पा आणि स्वप्नाली आकडा वाचू लागले. प्रणिताला त्याचं बोलणं ऐकू आलंच नाही. तिने ती बॅटरी एका तळहातावर घेतली आणि आमची जुनी बॅटरी दुसऱ्या तळहातावर. मित्रांनो, आप्पांच्या धंद्याच्या काळात लग्नाच्या आधी सगळ्या बॅटऱ्या चार्ज करायचं काम लहानग्या प्रणिताकडे असे. तिच्या हातांना त्यांचं वजन पाठ होतं. तिने नव्या बॅटरीचा हात वर उचलला आणि तळहातावर फुंकर मारली.

"रिकामी म्हणतेय ताई," स्वप्नाली म्हणाली. "एवढा मोठा आकडा आणि जुनीपेक्षा हलकी? आत काय भरलंय मग?"

अमरसिंहाने दुसरी काढली. तिचं वजन बरं होतं. प्रणिताने ती काचेवर आडवी ठेवली आणि बोटाने हलकेच टिचकी मारली. बॅटरी भिंगरीसारखी गरगर फिरली. दुसऱ्यांदा टिचकी मारायची गरज पडली नाही. पोट सपाट असतं तर ती अशी फिरली नसती. दुकानात पडून पडून तिला सूज आली होती.

अमरसिंहाने ती बॅटरी उचलून बाजूला ठेवली. मग आप्पांकडे पाहून हसला. "हिला कोन फशिवणार बे!" असं म्हणून तो आत गेला आणि कपाटातून एक सीलबंद डबी घेऊन आला. तिच्यावर कारखान्यातून निघाल्याची तारीख होती, फार जुनी नव्हती. ही बॅटरी माझ्या पाठीत बसली तेव्हा मला जे वाटलं ते कसं सांगू? चांगली बॅटरी नुसती वीज देत नाही. ती कॅमेऱ्याला आपल्यात किती जीव आहे तेही कळवते. माझ्या पडद्यावर लगेच आकडा उमटला, एक्केचाळीस मिनिटं. प्रणिताने तो पाहिला आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

"हिच्यापेक्षा मोठी द्या एक," स्वप्नाली म्हणाली आणि तेच तिने ताईला खुणेने सांगितलं. प्रणिताने नाही म्हणून मान हलवली आणि दोन बोटं दाखवली.

"दोन लहान कशाला, ताई?"

प्रणिताचे हात भराभर चालले. वीज सकाळी येते आणि जाते. एक माझ्या पाठीत राहील, तेवढ्यात दुसरी चार्ज होईल. मोठी एकच घेतली आणि तीच संपली तर सगळं काम खोळंबेल. आप्पांनी ते समजून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय. दोनच द्या." चार्जरही घेतला.

रविवारी सकाळी अंगणात शूटिंग सुरू झालं. आप्पांनी मला तिपाईवर बसवलं. कपाळावरून तीन बोटं आडवी फिरवली की सोमवार, कारण त्या दिवशी आप्पा ठसठशीत भस्म लावतात. एक डोळा मिटला की आप्पा. रेल्वे म्हणजे जमिनीला तळवा टेकून थरथरवायचा. गाडीचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, पण गाडी आली की तिच्या पायांना आधी कळायचं. हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं! बशीवर फुंकर घालायची खूण केली तेव्हा स्वप्नाली खुदकन हसली. "ही गीतामावशी."

ताप, डोकेदुखी, भूक, बाजार, भीती, राग, पुरे. पहिली बॅटरी संपली, दुसरी बसली. स्वप्नालीने वहीतली यादी संपवली आणि मला बंद करायला हात पुढे केला. प्रणिताने तो अडवला. तिला आणखी सांगायचं होतं.

तिने आपल्या खांद्यावर मागून हात ठेवल्यासारखं केलं, दचकून छातीशी मूठ नेली आणि ती मूठ धडधडवली. मग दोन बोटांनी एक माणूस चालवत आणला, थेट आपल्या डोळ्यांसमोर. पुन्हा एकदा तेच केलं.

स्वप्नालीला उमगेना. शिवकांताबाई दारात गहू पाखडत बसली होती. तिचं सूप थांबलं.

"मागून हात लावला की ती भिते," ती हळूच म्हणाली. "समोरून या, म्हनतीय. चोवीस वर्षं मी मागूनच हात लावते गं हिला. हिनं येकदा बी सांगितलं न्हाई."

प्रणिताने आईचं तोंड पाहिलं, उठून गेली आणि तिच्या समोर बसली. कितीतरी वेळ कुणी मला बंद केलं नाही. मी सगळं टिपत राहिलो.

सोमवारी गीताबाई आणि अमरनाथ आले. टीव्हीला माझी वायर लावली. प्रणिता ओसरीवर शिलाई मशीनपाशी जाऊन बसली, पाठ घराकडे करून. तिला गीताबाईचा चेहरा पाहायचा नव्हता. आत अमरनाथ पडद्यावर पाहून एकेक खूण स्वतःच्या हातांनी करू लागला. गीताबाई मात्र पदर सावरून नुसती बघत होती. तिच्या मनात काय चाललं असेल, मला कळेना.

अर्ध्यावर वीज गेली. टीव्ही काळा झाला.

"राहू द्या, मावशी. वीज आली की—" स्वप्नाली म्हणू लागली.

"राहू द्या कावून? दाव की! त्यात दिसतं का न्हाई?" गीताबाईने माझ्याकडे बोट केलं.

आप्पांनी मला तिच्या हातात दिलं, मागची नळी तिच्या डोळ्याला लावली आणि तिच्या नजरेला जुळेपर्यंत बारीक चाक फिरवलं. "हां, दिसलं!" ती ओरडली. माझी बॅटरी भरलेली होती. स्वप्नालीचा आवाज माझ्या बारक्या स्पीकरमधून येत राहिला. ताप. भूक. भीती. मग ती शेवटची खूण आणि शिवकांताबाईचे शब्द. गीताबाईच्या पापण्या माझ्या नळीवर भिजलेल्या लागल्या.

ती उठली. ओसरीकडे निघाली, दारात थबकली. प्रणिताची पाठ समोरच होती, चार पावलांवर. गीताबाई मागे वळली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि आख्ख्या घराला वळसा घालून अंगणातून प्रणिताच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिने तळहाताची बशी केली आणि तिच्यावर फुंकर घातली. मग आपल्या छातीवर हात ठेवला. ही मी.

प्रणिताचे हात मशीनवर तसेच राहिले. मग तिने उठून गीताबाईचे दोन्ही हात धरले.

लग्न झालं तेव्हा शूटिंगला मीच होतो, आणि दोन्ही बॅटऱ्या पुरून उरल्या. पाठवणीच्या वेळी आप्पांनी मला प्रणिताच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवलं. आता मी युसूफ वडगावला असतो. काम झालं की प्रणिता बॅटरी माझ्या पाठीतून काढते, कोरड्या कापडात गुंडाळते आणि महिन्याला एकदा चार्ज करून पाहते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटात पडलं असेल. त्याला ठेवताना त्याची बॅटरी काढून ठेवा, अधूनमधून बाहेर काढून पुसा, चालतं का ते पाहा. आणि नवी बॅटरी घ्याल तेव्हा आकड्याला भुलू नका, हातात घेऊन पाहा. कुणाचं काय राहून गेलेलं सांगायचं असेल आणि ते कधी सांगितलं जाईल, आपल्याला काय माहीत?

गेल्या आठवड्यात मला प्रणिताने धरलं होतं आणि समोर गीताबाई बसली होती. आता तिच्याही काही खुणा झाल्या आहेत. तिने कानाची पाळी धरली, नाक फेंदारलं आणि करंगळी अमरनाथच्या दुकानाकडे दाखवली. दोघी इतक्या हसल्या की मी प्रणिताच्या हातात हलत राहिलो. त्या खुणेचा अर्थ मला अजून कळलेला नाही. पण बॅटरी भरलेली आहे. मी वाट पाहीन.