उत्रोलीच्या खाचरातला स्टब

लढाईत बिनतारी यंत्र चालवून परतलेला मुबारक भोरात घड्याळं दुरुस्त करी. १९४६ च्या दिवाळीनंतर त्याला हौशी बिनतारीचा परवाना मिळाला, तेव्हा उत्रोलीच्या गेनबांनी आपली दोन आंब्याची झाडं एरियल ताणायला दिली. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरावरून दुहेरी तार गोठ्यापर्यंत आणली, यंत्र तिथं. पण आठ दिवस संदेश ठोकूनही कुणाचं उत्तर येईना.

दोष मुबारकला ठाऊक होता. तार आणि एरियल यांचा मेळ बसत नव्हता, पाठवलेली शक्ती माघारी फिरत होती. उपाय स्टबचा: मुख्य तारेला नेमक्या जागी तारांचा एक आखूड जोड लोंबता लावायचा आणि त्याची पितळी पट्टी सरकवून त्याची लांबी जुळवायची.

त्याची बायको अजरा काठीला विजेरीचा दिवा बांधून तारेखालून चालू लागली. गेनबांनी गोठ्यात संदेश ठोकायचं बटण दाबून धरलं. दिवा पेटला, सात पावलांवर विझला, पुन्हा पेटला. मेळ बसला असता, तर तो गोठ्यापर्यंत सारखाच पेटता राहिला असता.

गेनबा बटण न सोडताच दारातून डोकावून ओरडले, "आरं, ह्याला तर तारच जोडली न्हाई!"

मुबारक दुपारपर्यंत स्टब हलवत राहिला, पट्टी सरकवत राहिला. दिव्याची उघडझाप काही थांबेना. शेवटी अजरा बांधावर बसली.

"तुमी जागा बी बदलता आन लांबी बी. मीठ-तिखट एकदम टाकलं, तर कालवण कशानं बिघडलं ते कसं कळायचं? एका टायमाला एकच हलवा."

मुबारक खजील होऊन हसला. पलटणीत हेच तर शिकवलं होतं! अजराने तारेवर वीत-वितीवर चिंध्या बांधल्या. प्रत्येक चिंधीशी स्टब थांबवायचा, मगच पट्टी हलवायची. अकराव्या चिंधीशी दिवा स्टबपासून गोठ्यापर्यंत सारखाच मिणमिणत राहिला. खात्री पटेना म्हणून ती तीनदा चालली, आणि तिसऱ्यांदा काठी टाकून पळतच आली.

"बसला मेळ!"

संध्याकाळी सिलोनमधल्या कँडीहून उत्तर आलं: आवाज खणखणीत आहे. मुबारक टकटक ऐकून एकेक अक्षर सांगत गेला. अजराने ती कागदावर उतरवून घेतली.

गेनबा म्हणाले, "त्याला इचारा, तिकडं भात कापलं का?"

मुबारकने खरंच विचारलं. थोड्या वेळाने टकटक उमटली, त्याने पुन्हा अक्षरं सांगितली. अजराने वाचून दाखवलं, "खिडकीतून पाहिलं. अजून हिरवं आहे."

"मंजी आमीच पुढं!" म्हणत गेनबांनी मांडीवर थाप मारली, आणि ही बातमी सांगायला ते गावाकडं निघालेसुद्धा.