आतल्या वर्तुळातलं हिरवं बटण

हिरवं बटण अजून डब्यातच होतं. चार भोकांचं, कडेला टवका उडालेलं, कुणाच्या तरी जुन्या स्वेटरचं असावं... आणि तिची नजर काही केल्या त्याच्यावरून हलेना. समोर बसलेल्या मावशी बोटानं बटणं चाळत होत्या — निळं बाजूला, पांढरं बाजूला, कोटाचं ते थोराड तपकिरी बाजूला — धान्य निवडावं तशा सावकाश, आणि हिच्या जिवाला मात्र घाई, की घ्या, घ्या एकदाचं ते हिरवं, बघू दे आज कुठे ठेवताय.

ठेवणार आतच, हे ठाऊक होतं. तरी बघायचं होतं. कुतूहल हा तिचा मूळ रोग. पोटापाण्याला लावला म्हणून त्याला संशोधन म्हणायचं, एरवी आई त्याला सरळ भोचकपणा म्हणायची.

टेबलावर कापड पसरलेलं होतं आणि कापडावर एकात एक अशी तीन वर्तुळं. आतल्यात ज्यांच्यावाचून चालायचं नाही ती माणसं, मधल्यात अडीनडीला धावून येणारी, बाहेरच्यात नुसती तोंडओळखीची. एक बटण म्हणजे एक माणूस. मनाच्या आजारानं बरीच वर्षं इस्पितळात काढून घरी परतलेल्यांना आपलं कोण आहे हे तोंडानं सांगता येत नाही — आपल्याला तरी कुठे येतं — म्हणून ही बटणं. महिन्यातून एकदा कापड आणि बटणांचा डबा घेऊन जायचं, कापड पसरायचं, प्रश्न विचारायचे, कुठलं बटण कुठे ते टिपून घ्यायचं आणि निघायचं. नाव विचारायचं नाही, फक्त नातं. लोकांच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसू नये म्हणून केलेला नियम, आणि चांगला नियम होता तो.

नियम आणखीही होते. काका-मावशी म्हणायचं नाही, हा एक. मोठ्या बाई, म्हणजे या सगळ्या अभ्यासाच्या प्रमुख, प्रशिक्षणात बजावून सांगायच्या की एकदा नातं जोडलं की उत्तरं गोड यायला लागतात. खरंच असेल. पण साठी उलटलेल्या बाईला तिच्याच घरात ‘सहभागी’ अशी हाक मारून पाणी कसं मागायचं, ते काही त्यांनी शिकवलं नव्हतं. पहिल्याच भेटीत जिने चढून घसा कोरडा पडला आणि तोंडातून मावशी निघून गेलं. गेलं ते गेलं.

मावशी पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. सगळा जन्म याची तार त्याला जोडून देण्यात गेला, असं म्हणायच्या, आणि मग जरा थांबून, जुना विनोद पुन्हा एकदा करावा तसं — आमची लाइन मात्र कायम व्यस्त. आजारपणात नवरा दुरावला, भाऊ परगावी, त्यांची वहिनी फोनवर गोड बोलते आणि फोन लवकर ठेवते. वहिनीचं बटण निळं, बाहेरच्या वर्तुळात. औषधवाला मधल्यात. आणि ते हिरवं, पहिले काही महिने डब्यातच पडून असलेलं, एका भेटीत अचानक उठून सगळ्यांत आत जाऊन बसलं.

हे कोण, तिनं विचारलं होतं. मैत्रीण, मावशी म्हणाल्या होत्या, आणि खिडकीकडे बघायला लागल्या होत्या.

तिनं लिहिलं : मैत्रीण. पुढं विचारायचं नव्हतं. पण नियम हाताला बांधता येतो, मनाला कुठला... जिना उतरतानाच मैत्रीण आकार घ्यायला लागली. अंगानं भरलेली असणार, मोठ्यानं हसणारी, येताना हातात काहीतरी घेऊन येणारी. तिच्या पायांत वहाणा कशा असतील इथपर्यंत हिची मजल गेली होती. कधी मावशींच्या घरी टेबल जरा सरकवलेलं दिसलं, की वाटायचं, ती येऊन गेली वाटतं. खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटायचा. आपण इतकी वाट वाकडी करून यायचं, बटणं मोजायची, आणि आत बसलीय ती.

आज मावशी निवांत होत्या. बटणांच्या आधी नेहमीचा प्रश्न झाला होता, जो प्रश्नावलीत कुठेच नव्हता : काय काय दिसलं मावशी, इतक्यात? आणि मावशींनी सांगितलं होतं की समोरच्या इमारतीच्या गच्चीवर तो माणूस अजून रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालतो. गेल्या खेपेलाही तेच. कुंड्यांत एक रोप नाही, नुसती माती, आणि हा गृहस्थ झारीनं पाणी घालतोय, अगदी एकेका कुंडीपाशी थांबून. वेडा म्हणावं तर मी कोण म्हणणारी, असं मावशी म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या. मग दोघींनी मिळून पुष्कळ तर्क लढवले. बी पेरलं असेल. बायको गेली असेल, तिच्या कुंड्या असतील. सवय असेल नुसती.

तो प्रश्न मामाचा होता. म्हणजे मामाला विचारायचा. मामा, आईचा धाकटा भाऊ, इस्पितळातून सुटून त्यांच्याकडे राहायला आला तेव्हा ती शाळेत होती, आणि तो दिवसभर मागच्या खोलीच्या खिडकीशी बसलेला असायचा. घरात सगळे त्याच्याशी हळू बोलायचे, कडेकडेनं चालायचे. हिला कुठलं आलंय तेवढं शहाणपण — दप्तर टाकलं की खोलीत धाव, मामा, आज काय दिसलं? आणि मामा सांगायचा. एक माणूस शिडी घेऊन गेला, परत आला तो शिडीशिवाय. एका बाईनं छत्री उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. रस्ता तोच, खिडकी तीच, पण मामाला रोज नवीन दिसायचं, आणि तिला वाटायचं, जगात मामाइतकं बघणारं माणूस नाही. पुढं ती शिकायला दुसऱ्या गावी गेली. मामा हळूहळू गप्प होत गेला, आपोआप, असं आई सांगते. नंतर तर खिडकीकडे पाठ करून बसायचा. आता मामा नाही.

मावशींनी हिरवं बटण उचललं. नेहमीसारखं आतल्या वर्तुळात ठेवलं. तिला उगाचच बरं वाटलं.

आता सांगणं भाग होतं. निघताना सांगायचं असतं, पण तिला वाटलं, जिन्यात उभ्या-उभ्या सांगण्यापेक्षा बसूनच बरं.

“मावशी, आज शेवटची भेट हं. अभ्यास संपला आमचा.”

मावशींनी मान हलवली. खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग त्यांनी कापडावरचं हिरवं बटण पुन्हा उचललं, अंगठ्यानं पुसलं आणि डब्यात टाकलं.

“ते का काढलंत? मैत्रीण ना ती? भांडलात की काय?”

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. चेष्टा करतेय की खरंच विचारतेय, याचा अंदाज घेत असाव्यात.

“अगं, ती तूच. दुसरं कोण येतं इथे?”

काखेत कळसा... आई इथे असती तर म्हणाली असती. पण तिला आधी आठवली ती मैत्रीण. ती भरल्या अंगाची, मोठ्यानं हसणारी, वहाणांची... कुठे गेली ती? ती नव्हतीच. होती ती हीच, पाठीला पिशवी लावलेली, घड्याळाकडे चोरून बघणारी. आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे तिला त्या बाईची चुटपुट लागली, क्षणभर का होईना, कुणी आपलं माणूस गेल्यासारखी.

मावशी मात्र साध्या आवाजात सांगत होत्या. रागावल्या नव्हत्या. तू विचारतेस ना काय दिसलं, म्हणून मी बघते, असं म्हणाल्या. महिनाभर साठवते. कुठलं सांगायचं, कुठलं नाही, ते पण ठरवते, एवढं-तेवढं असेल तर सोडून देते. नाहीतर खिडकी काय नि भिंत काय.

पाठ करून बसलेला मामा. बघत होता म्हणून सांगत होता, की सांगायचं होतं म्हणून बघत होता? इतकी वर्षं हा प्रश्न पडलाच नाही. अपराधी वाटायला हवं होतं बहुतेक, पण वाटलं ते निराळंच. कळ आली, आणि कळेच्या आत तोच जुना भोचकपणा, की असं असतं तर मग... तर मग काय काय बदलतं?

तर मग सगळंच बदलत होतं. अभ्यास होता तो सोबतिणींचा. निम्म्या लोकांकडे दर आठवड्याला एक सोबतीण जायची. बसायची, बोलायची, बाजारात बरोबर जायची, डॉक्टरांकडे न्यायची, बटणंही तीच टिपून घ्यायची. उरलेल्या निम्म्यांकडे कुणीच नाही. नुसती प्रश्न विचारणारी, महिन्यातून एकदा. आणि अभ्यासातल्या आकडेवाल्यानं परवा हात झटकून सांगितलं होतं की दोन्ही ढीग सारखेच वाढलेत, सोबतीण असलेले सुधारले, नसलेलेही तितकेच सुधारले. म्हणजे सोबतिणीनं काही होत नाही, माणसं आपोआप सावरतात. उद्याच्या बैठकीत तेच मांडायचं होतं, आणि त्यावर सोबतिणी बंद व्हायच्या होत्या. सगळीकडच्या.

आपोआप. आईचाच शब्द.

मावशींच्या घरी ‘कुणीच नाही’ म्हणजे हीच होती. आणि बाकीच्यांच्या घरी? त्या निवृत्त ड्रायव्हरच्या आतल्या वर्तुळात एक पिवळं बटण आहे, ‘भाची’ म्हणून. भाची कुठून आली त्याला, बहीण नाही की भाऊ नाही. त्या जुळ्यांच्या आईकडे ‘ओळखीची एक’. खालच्या वस्तीतल्या शिंप्यानं तर, बटण ठेवताना, लाजून हिच्याकडे पाहिलं होतं... आणि हिनं मान खाली घालून टिपून घेतलं होतं. पद्धतच तशी. प्रश्न विचारणाऱ्याला मोजायचं नाही, नाव विचारायचं नाही. माणसंही बिचारी रीतीला धरून, ‘तुम्ही’ असं तोंडावर कसं म्हणायचं म्हणून, भाची म्हणत होती, मैत्रीण म्हणत होती.

कापडाचं आतलं वर्तुळ रिकामं होतं. ते तसंच टिपायचं का? तिनं पेन उघडलं, बंद केलं.

“आणि तुला काय दिसलं, येताना?” मावशींनी विचारलं.

तिनं तोंड उघडलं. बस होती... रस्ता होता. जिना. किती महिने ती हा जिना चढत होती, आणि मावशींच्या दाराचा रंग, बाहेरून, काय आहे ते तिला सांगता येईना. मावशी थांबल्या, ऑपरेटर थांबते तशा, लाइन लागायची वाट बघत. मग त्यांनीच विषय बदलला आणि चहाचं विचारलं. चहा झाला. पुन्हा येईन असं ती म्हणाली नाही. म्हणायचं नसतं, आणि येईन म्हणून सांगून न येणारी माणसं मावशींनी पुष्कळ पाहिली होती.

दार निळं होतं. खालच्या बाजूला रंग उडून आतला जुना पिवळा दिसत होता.

कोपऱ्यावर, बसथांब्याशी उभं राहून तिनं मोठ्या बाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बाई म्हणाल्या की एका बाईचं एक बटण, त्याच्यावरून अख्खा अभ्यास मोडीत काढायचा का. बोलणं वाजवीच होतं. तिलाही ते वाजवी वाटलं.

“एकीचं नाही वाटत बाई. बाकीच्यांना विचारायला हवं. भाची कोण, ओळखीची कोण.”

“आणि समजा, त्या तूच निघालीस, तर?”

“तर ‘कुणीच नाही’ असं घर नव्हतंच, आणि उद्या मांडायचं ते उलटं आहे.”

शेवटी बाई म्हणाल्या, “मी कधी कुणाच्या घरी गेलेच नाही गं, या सगळ्यात.” हे त्या कुणाला सांगत होत्या कोण जाणे. उद्या लवकर ये, म्हणाल्या, आणि फोन ठेवला. म्हणजे हो की नाही, ते काही कळलं नाही.

बस यायची होती. एरवी तिनं फोनमध्ये डोकं घातलं असतं. आज ती मान वर करून उभी राहिली, जरा अवघडून, नव्यानं पोहायला शिकणारा पाण्याकडे बघतो तशी. दाढीचे पांढरे खुंट वाढलेला एक माणूस दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन अनवाणी चालला होता. एका खिडकीत उशी वाळत घातली होती. आणि मग तिला ती गच्ची दिसली, कुंड्यांची — इथून बाजूनं दिसत होती, गल्लीकडची बाजू, जी मावशींच्या खिडकीतून दिसणं शक्यच नव्हतं. कुंड्या ओळीनं कठड्याशी होत्या, रिकाम्या, मावशी म्हणत तशाच. पण त्यांच्या खालून पाण्याचा एक ओघळ भिंतीवर उतरला होता, रोजच्या पाण्याचा, शेवाळलेला, आणि तो जिथे विरत होता तिथे, भिंतीच्या फटीतून, चांगलं हातभर झाड बाहेर आलं होतं. कुणी लावलेलं नाही. पाणी घालणाऱ्याला ते माहीत असेल का? वाकल्याशिवाय दिसायचं नाही त्याला. तो वाकत असेल का?

तिनं झाड नीट बघून घेतलं. पानं कशी आहेत, किती खाली आहे, ओघळ कुठल्या कुंडीचा, सगळं, कुणी विचारलं तर सांगता यावं असं. बस आली, दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं. चढायचं की मागं वळायचं हे तिला अजून ठरवता येत नव्हतं. पिशवीतल्या डब्यात हात कधी गेला होता आणि हिरवं बटण केव्हा मुठीत आलं होतं, तेही तिला कळलं नव्हतं. फक्त हे कुणाला सांगायचंय, तेवढं पक्कं माहीत होतं.