यंत्र लावण्याआधी

“बुटात टाचणी ठेव. साधा प्रश्न विचारला की पाय दाबायचा,” तुरुंगाच्या स्वयंपाकघरात बीन्सच्या पातेल्यात डाव फिरवत ट्वायला लव्हॉनला म्हणाली. “माझ्या मावसभावानं असंच केलं. खोटं पकडणाऱ्या यंत्राला काही पत्ता लागला नाही.”

“मग लागला का पोलिसात?”

“कसला लागतोय! बाहेर आला तो लंगडतच. तिथंच पकडला.”

लव्हॉन हसली. केंटकीतल्या त्या काउंटीच्या तुरुंगात ती बारा वर्षं स्वयंपाक करत होती. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तिथंच पहारेकरी व्हायचं तिनं मनावर घेतलं होतं. लेखी परीक्षा झाली, धावणंही झालं. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण झालं. उरली होती त्या यंत्रावरची चाचणी, पॉलिग्राफ, आज दुपारी. पुढच्या वर्षी अर्ज करायचं वय उलटणार होतं.

त्याआधी एक जाडजूड पुस्तिका भरायची असते. जन्मात केलेलं सगळं वाईट तिच्यात लिहायचं. लव्हॉननं चार पानं भरली होती: शाळेतून उचललेले खडू, कचेरीतली पेनं, चर्चच्या जेवणाला घरचा म्हणून नेलेला विकतचा केक. माणूस घाबरला की असा बारीकसारीक पापांचा ढीग रचतो आणि मोठं त्याखाली दडपून ठेवतो. बिचारीला वाटत होतं, एवढ्यावर भागेल.

परीक्षा घेणारे हॅस्केल म्हणजे निवृत्त झालेले, हळू बोलणारे पोलीस. ते सगळे प्रश्न आधी वाचून दाखवत. यंत्र टेबलावर बंदच होतं.

“केक माफ,” ते म्हणाले. “पोलिसांशी कधी खोटं बोललात?”

लव्हॉननं यंत्राच्या तारांकडे पाहिलं.

“अजून काही लावलेलं नाही, बाई. सावकाश सांगा.”

“दहा वर्षं झाली. बाबांनी पिऊन गाडी शाळेच्या फाटकावर घातली. आम्ही ती कोठारात लपवली. शेरीफचा डेप्युटी चौकशीला दारात आला, तर मी म्हटलं, बाबा दिवसभर घरीच आहेत. बघणाऱ्यानं निळी पिकअप सांगितली होती. शेजारच्या युजीनचीही निळीच. त्याला धरलं. तीस दिवसांची शिक्षा.”

“वडील?”

“गेले. युजीन आहे.” तिनं पदपथाकडच्या खिडकीकडे तोंड फिरवलं. “साहेब, ते तीस दिवस तो इथंच, आमच्या तुरुंगात होता. माझ्याच हातचं जेवायचा. मी रोज त्याच्या ताटात मक्याच्या पावाचा एक तुकडा जास्त वाढायची. आणि तो मेला रोज मला थँक्यू म्हणायचा!”

एवढं बोलून ती रडली. हॅस्केलनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

“हे मला लिहावंच लागेल. वाचल्यावर ते तुम्हाला घेणार नाहीत. यंत्र न लावता इथंच थांबलो तरी चालेल.”

“युजीनचं नाव धुऊन निघेल?”

“कागद सरकारी वकिलाकडे जाईल. पण तो म्हणेल, बाप गेल्यावर ही बाई कशावरून खरं बोलतेय?”

लव्हॉननं नाक पुसलं.

“मग लावा यंत्र.”

“नोकरी नाही मिळायची, बाई.”

“कळलं मला ते. लावा.”

तिनं स्वयंपाकाच्या गणवेशाची बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.