दाढेतली रेघ

दंतवैद्यक शिकणाऱ्या धाकटीला बाईंनी संशोधनाला विषय दिला तो दुधाच्या दातांचा, आणि सोबत आपला जुना नियमही सांगितला: लोकांच्या लेकरांचे दात मागायला जाण्याआधी स्वतःचा एक घासून दाखवायचा. आता विशीतल्या पोरीने दुधाचा दात आणायचा कुठून? पण तिच्या आईने तिची एक दुधाची दाढ कानातल्याच्या डबीत कापसात जपून ठेवली होती. देताना तिचा हात रेंगाळला. "एवढी एकच आहे हं," ती म्हणाली. "आणि तुझी घाई मला ठाऊक आहे."

काम खरोखर जिवावरचं होतं. दाढेचा मधला पातळ काप काढायचा आणि ओल्या काचेवर बोटाने घासत राहायचं, त्यातून उजेड आरपार जाईपर्यंत. कमी घासला तर काही दिसत नाही, जास्त घासला तर कापच पाण्याबरोबर वाहून जातो. एक कड तुटली तेव्हा धाकटीने बोट उचललं. बाई शेजारीच उभ्या होत्या, पण मदतीला बोट लावतील तर शपथ.

"अजून जरासं घासू?" धाकटीने विचारलं.

"या 'अजून जरासं'नेच आजवर निम्मे काप गिळलेत. बघ आधी."

तिने काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, आणि वाकून पाहिलं. दाताच्या कवचात बारीक बारीक थर होते, एकावर एक बसलेले, आणि त्यांच्या मधून एक काळसर रेघ गेली होती.

"तो तुझा जन्म," बाई हळूच म्हणाल्या. "आतले थर आईच्या पोटातले, बाहेरचे जगात आल्यावरचे. प्रत्येकाच्या दुधाच्या दातात असते ही."

धाकटीच्या अंगावर काटा आला. आपण काही न कळण्याच्या वयाचे होतो, तरी दाढेने तो दिवस टिपून ठेवला होता! देवळातसुद्धा ती कधी इतकी गप्प उभी राहिली नव्हती.

बाईंनी स्वतः डोळा लावला. "रुंद आहे गं. अवघड बाळंतपणात अशी दिसते, म्हणतात. एका दातावरून ठरवायचं नाही, पण आईला विचार."

आई तर सगळ्यांना हसत सांगायची, ही चहा निवायच्या आत झाली म्हणून. धाकटीने फोन लावला आणि रेघेचं सांगितलं.

"दाढेने चुगली केली म्हणायची," आई म्हणाली. "दोघींतली एकच वाचेल, असं घरच्यांना सांगितलं होतं डॉक्टरांनी. मला ऐकू येत होतं."

"मग मला कधीच का नाही बोललीस?"

"तुझ्या जिवाला कशाला ओझं?" आई म्हणाली. "काप धड आहे ना गं? मग मला दाखवशील?"